निळ्या कार्डांचे तीन आठवडे

१

बाबांची सकाळ शिंकांनी सुरू व्हायची. एक नाही, दोन नाही, लागोपाठ तीन. आणि तिसरीनंतर कुस्ती जिंकल्यासारखा लांबलचक "हाऽऽश्श". खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई म्हणायच्या, मला गजराचं घड्याळ लागतच नाही. मग चपला. डावी टाच झिजलेली, त्यामुळे एक पाय फट्ट वाजायचा आणि दुसरा नुसता घासत यायचा. मग रेडिओ आणि रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याशी भांडण. "अरे, तुला काय कळतंय त्यातलं? नुसतं वाचून दाखवतोयस!" मग खोकला, मग नळ, मग नळाच्या धारेबद्दल दोन कडक शब्द आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात बसून चहा समोर येईपर्यंत दहाही बोटांनी टेबल बडवणं.

चौतीस वर्षं त्यांनी लेथ मशीनवर काढली होती. मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. मुलीला ते ठिणगी म्हणायचे, कारण लहानपणापासून ती कशानेही पेटायची. रांगेत कुणी मध्ये घुसलं, दुकानदाराने मापात हात मारला, वर्गात एखाद्याला उगाच शिक्षा झाली, की ही उभी. खरं नाव होतं, पण ते आता कचेरीच्या हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं.

"बाबा, पुरे!" ती रोज ओरडायची.

बोटं जागच्या जागी थांबायची. बाबांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं, की जणू एवढ्याचसाठी बडवत होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. पूर्वी हे 'पुरे' आई म्हणायची.

"तुझा तो धबधबा केव्हा दाखवतेस?" चहाचा पहिला घोट आवाज करत घेऊन ते विचारायचे. हा प्रश्न तीन वर्षं जुना होता.

"चांगले दिवस येऊ देत, बाबा. आत्ता नाही मजा."

"तुमची कचेरी ठरवणार आणि मग मी जाणार! तोवर पाय चालायचे बंद होतील."

"यंदा नक्की. तुम्हाला मी सगळ्यात चांगल्या दिवसांतच पाठवणार."

दोघांचं चांगलं चाललं होतं. भांडत होती, म्हणजे चांगलंच चाललं होतं.

२

माहिती केंद्र दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत साहेब, मागच्या खोलीत ठिणगी, एक कपाट आणि दर फेरीला कट्ट म्हणणारा पंखा. फिरायच्या जागांची छोटी पत्रकं काढणं हे काम. ती नोकरीला लागली तेव्हा प्रत्येक पत्रकात 'भेट देण्यास सर्वोत्तम काळ' यापुढे एकच उत्तर असायचं: 'वर्षभरात केव्हाही'.

"केव्हाही म्हटलं की कुणी चूक काढू शकत नाही," साहेब म्हणाले होते.

"मग पत्रक तरी कशाला काढायचं, साहेब? लोकांना विचारा ना! जाऊन आलेल्या माणसापेक्षा आपल्याला जास्त कळतं का?"

सहा महिने ती याच एका गोष्टीसाठी भांडली आणि जिंकली. सुरुवात धबधब्यापासून करायची ठरली, कारण तिथे एकच फाटक होतं आणि आत जाणारा प्रत्येक जण त्याच फाटकातून बाहेर यायचा. फाटकावर प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्यायचं. जाताना ते पेटीत टाकून जायचं. कार्डावर सहा रेघा आणि वर एक ओळ: 'आपली तक्रार येथे लिहावी'. पावसाळ्याचं कार्ड हिरवं, उन्हाळ्याचं पिवळं, बाकीच्या कोरड्या दिवसांचं पांढरं. आणि पाऊस संपल्यावरच्या तीन आठवड्यांचं निळं, कारण तेव्हा पाणी भरपूर असतं, आभाळ मोकळं असतं आणि शाळा सुरू असल्यामुळे गर्दीही नसते. हे तीन आठवडे वेगळे मोजा, असा हट्ट तिचाच होता. ज्या रंगावर तक्रारी सगळ्यात कमी, तो ऋतू सगळ्यात चांगला. नियम साधा होता. साधा होता म्हणूनच तिला त्याचा अभिमान होता.

तीन वर्षांची कार्डं त्या सोमवारी टेबलावर आली. हिरवी वाचताना ती पोट धरून हसली. 'पायऱ्या निसरड्या, दोनदा पडलो.' 'जळवा!!!' 'पाण्याच्या आवाजात बायकोचं एक वाक्य ऐकू आलं नाही,' आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'म्हणूनच आला होता हा.' पिवळ्यांवर बहुतेकांचा एकच प्रश्न, 'पाणी कुठे आहे?' पांढऱ्यांवर कचरा, माकडं आणि शौचालयाची कडी. कडीचा राग सगळ्याच रंगांवर होता. कडी तीन वर्षं तुटलेली होती आणि ठिणगीने तिच्यासाठी चार पत्रं पाठवली होती.

निळी कार्डं दोनशे अकरा. सगळी कोरी.

तिने गठ्ठा उलटून पाहिला. खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. एक रेघ नाही, एक ठिपका नाही.

"कोरं कार्ड म्हणजे पैकीच्या पैकी मार्क," साहेब खुशीत आले. "अभिनंदन, ठिणगीबाई. लोकांनी कौल दिला."

"पण कडी, साहेब? दोनशे अकरा माणसांत एकालाही कडी खटकली नाही?"

"इतकं सुंदर दृश्य पाहिल्यावर कडीचं भान कुणाला राहतं?"

हे पटण्यासारखं होतं. पटवून घ्यावंसं तर होतंच. तिने पत्रकाच्या कच्च्या प्रतीवर लिहिलं: 'सर्वोत्तम काळ: पावसाळा संपल्यानंतरचे तीन आठवडे.' मग कॅलेंडरकडे पाहिलं आणि उठून उभीच राहिली. यंदाचे तीन आठवडे सुरू होऊन चार दिवस झाले होते.

३

पत्रक शुक्रवारी छापायला जाणार होतं, त्यामुळे तिला सुटी मिळणं शक्य नव्हतं. मंगळवारी बाबा एकटेच निघाले.

"मी काय कुकुलं बाळ आहे? बसमध्ये बसायचं, उतरायचं, पाणी बघायचं, परत यायचं."

"पायऱ्या जपून. आणि कार्ड देतील, त्यावर लिहून या हं काहीतरी."

"एक कार्ड पुरणार नाही मला," बाबा म्हणाले आणि फट्ट, सर्र, फट्ट, सर्र करत जिना उतरले. तळमजल्यावर शिवणवाल्या बाईंना "चाललो हो धबधब्याला!" अशी आरोळी दिलेली तिला वर ऐकू आली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा घर शांत होतं. अजून आलेले दिसत नाहीत, असं म्हणत तिने पिशवी खुंटीला लावली, हात धुतले, चहाचं आधण ठेवलं, साहेबांनी दिवसभरात केलेल्या चुका स्वतःशीच मोठ्याने मोजल्या. कप घ्यायला वळली आणि दचकली. बाबा टेबलाशी बसले होते. हात मांडीवर. तिच्याकडे बघून हसत.

"अहो, केव्हा आलात?"

"झाला तासभर."

"मग बोलायचं नाही का? कसा होता?"

"छान."

"आणि?"

"छान होता. काही तक्रार नाही."

ती वाट पाहत राहिली. बसचा ड्रायव्हर, पायऱ्या, पाण्याची चव, कडी, तिची कचेरी. निदान दोन तासांचा ऐवज असणार होता. बाबा हसत होते. चेहरा स्वच्छ, सुरकुत्या सैल झाल्यासारख्या. असे निवांत ते तिला आई असताना दिसले होते, त्यानंतर नाही. तिला भरून आलं. आपल्या तीन वर्षांच्या भांडणाचं चीज झालं, असं वाटलं. सगळ्यात चांगले दिवस तिने शोधून काढले होते आणि पहिल्यांदा आपल्याच बापाला दिले होते.

चहा समोर ठेवेपर्यंत बाबांची बोटं मांडीवरून हलली नाहीत. हे तिच्या लक्षात आलं, पण भरल्या मनाने तिने ते बाजूला ठेवलं.

४

बुधवारी तिला जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. उशीर झाला होता. शिंकाच झाल्या नव्हत्या.

"तुमची सर्दी गेली वाटतं," ती घाईघाईने केस बांधत म्हणाली.

"गेली असेल."

डोंगरातल्या हवेने नाक मोकळं होतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. बरोबर आहे. रेडिओ बंद होता. लावू का म्हटल्यावर "लाव" म्हणाले. बातम्या सांगणाऱ्याने एका दमात तीन धादांत थापा मारल्या. तिनेच चिडून रेडिओकडे पाहिलं. बाबा हसून ऐकत होते. माणूस थकतो, तिने स्वतःला समजावलं. या वयात दिवसभराचा प्रवास म्हणजे काही थट्टा नाही.

जिन्यात शिवणवाल्या बाईंनी अडवलं. "बाबा अजून आले नाहीत का गं? कालपासून वर चाहूलच नाही."

"आलेत की. घरातच आहेत."

"मग नव्या चपला घेतल्यात का?"

त्या संध्याकाळी तिने चपला उचलून पाहिल्या. त्याच होत्या. डावी टाच झिजलेली. बाबा त्या घालून टेबलापासून खिडकीपर्यंत गेले तेव्हा तिने भाजी चिरायची थांबवली आणि फक्त ऐकलं. पाय उचलला जात होता, टेकत होता. लादीवर रबर टेकलेलं डोळ्यांना दिसत होतं. आवाज नव्हता. तिने सुरी ताटलीवर आपटून पाहिली. ठण्ण. म्हणजे कान ठीक होते.

गुरुवारी सकाळी बाबांच्या हातून स्टीलचा पेला सुटला.

पेला लादीवर पडला, एकदा उसळला, घरंगळत दारापर्यंत गेला, स्वतःभोवती गोल फिरत फिरत स्थिर झाला. पेला असा फिरतो तेव्हा जो किणकिणाट होतो तो तिच्या कानांनी आधीच धरून ठेवला होता. तो आलाच नाही. पाणी सांडलं, तेही गुपचूप.

तिने भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती. स्टील, लादी, अडीच फूट उंची. आवाज व्हायलाच हवा. व्हायचा की नाही हे स्टीलच्या मर्जीवर नसतं. तिने पेला उचलला आणि स्वतः टाकला. खणखणीत वाजला. खालून शिवणवाल्या बाईंनी "काय पडलं गं?" म्हणून विचारलंसुद्धा.

"बाबा, तुम्ही टाका हा."

ठिणगीचे बाबा अशा वेळी म्हणाले असते, वेड लागलंय का तुला, भांडी फुकट येतात का? त्यांनी पेला घेतला आणि सोडला. पेला पडला, उसळला, फिरला, थांबला.

खोलीत फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. एकाचाच.

"आणखी टाकू?" बाबांनी प्रेमाने विचारलं.

५

कार्डांबरोबर फाटकावरची वहीही आली होती, तीत येणाऱ्यांचे फोन नंबर असायचे. गुरुवारी दुपारी मागच्या खोलीत बसून तिने निळ्या दिवसांतले नंबर लावायला घेतले. स्वतःला कारणही दिलं: पत्रकात दोन अभिप्राय टाकले तर शोभून दिसतील.

पहिले एक निवृत्त शिक्षक निघाले. "छान होतं. काही तक्रार नाही." बस्स. शिक्षक माणूस, आणि एवढंच बोलला!

दुसरा मोटारी दुरुस्त करणारा. "बोला ना, गॅरेजमध्येच आहे मी."

"आत्ता कामाची वेळ नाही वाटतं?"

"आहे की. चौघं जण लागलेत. पत्रा ठोकताहेत."

तिने फोन कानाशी घट्ट दाबला. त्याच्या आवाजाच्या मागे काही म्हणजे काहीही नव्हतं. रस्ता नाही, हातोडा नाही, पंखासुद्धा नाही. माणूस कपाटात उभा राहून बोलतोय असं वाटावं, आणि त्या कपाटाला मागची फळी नसावी.

"तुम्हाला धबधबा कसा वाटला?"

"छान. काही तक्रार नाही."

सहावी एक तरुण आई होती. गेल्या वर्षी चार महिन्यांचं बाळ घेऊन गेली होती, वहीत तसं लिहिलं होतं.

"बाळ कसंय तुमचं?"

"छान आहे. रडतच नाही आता."

"अजिबात?"

"अजिबात. सगळे म्हणतात, किती गुणी."

"मग भूक लागलेली कशी कळते?"

पलीकडे थोडा वेळ गेला. तो वेळसुद्धा ऐकू येत नव्हता.

"अंदाजाने पाजते," ती म्हणाली. "काही तक्रार नाही."

ठिणगीने फोन ठेवला. डोक्यावर पंखा कट्ट, कट्ट करत होता. तीन वर्षं ज्या आवाजाला तिने शिव्या दिल्या होत्या, त्याच्याकडे तिने कृतज्ञतेने मान वर करून पाहिलं. मग ती पुढच्या खोलीत गेली.

"साहेब, निळी कार्डं रद्द करा. ते पत्रक असं जाऊ शकत नाही."

"का? कुणाची तक्रार आली?"

"नाही. तेच तर. कुणाचीच नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "लोक समाधानी आहेत, ही तुमची तक्रार आहे?"

नियम तिचाच होता. तिने छापखान्याच्या फोरमनला परस्पर फोन केला. "धबधब्याचं पत्रक मशीनवर घेऊ नका. उद्या मी स्वतः सांगेन."

"उद्या पाचपर्यंत थांबतो, मॅडम. पाचला लावणार. पुढे दुसऱ्याचं काम आहे माझ्या डोक्यावर."

६

शुक्रवारी भर दुपारी ती धबधब्याच्या थांब्यावर उतरली. थांब्यापासून फाटक जेमतेम दोनशे पावलं. पावसाळ्यात इथे उतरलं की घसा ताणून बोलावं लागायचं. आज फक्त एक टकटक ऐकू येत होती.

फाटकावरची बाई किल्लीने पत्र्याच्या मगावर ठोके देत बसली होती आणि एका माकडाला मनसोक्त झापत होती. "मेल्या, काल पण तूच नेलंस ना? वर दात दाखवतोस!" ठिणगीला पाहूनही तिने ठोके थांबवले नाहीत. ठोक्यांच्या तालावरच बोलली.

"कचेरीतल्या ना तुम्ही? मंगळवारी आले होते ते तुमचे वडील. नाक तुमचंच."

"हो. त्यांना काय झालंय? खाली काय आहे?"

"मला काय माहीत? या दिवसांत मी फाटकाच्या पुढे जात नाही. इथे बसते, वाजवत राहते, भांडत राहते. नवरा नसला तर माकड. कुणीही चालतं."

"मग आजवर सांगितलं का नाहीत?"

बाईने पहिल्यांदाच मगावरचा हात थांबवला, पण क्षणभरच. "विचारलंत कधी? अकरा वर्षं इथे बसतेय मी. तुमचं कार्ड येणाऱ्याला मिळतं. मला दिलंत का एक तरी?"

ठिणगीची मान खाली गेली. सहा महिने ती भांडली होती, लोकांना विचारा म्हणून.

"वडलांना म्हटलं होतं हो मी, खाली नका जाऊ," बाई हलक्या आवाजात म्हणाली. "तर म्हणाले, माझ्या मुलीने तीन वर्षं खपून शोधलेत हे दिवस. सगळ्यात चांगले."

तिने ठिणगीच्या हातात निळं कार्ड ठेवलं. नियम होता.

पायऱ्या उतरताना मगाची टकटक मागे मागे पडली आणि एका वळणावर कापल्यासारखी बंद झाली. समोर धबधबा होता.

तो खरोखरच सुंदर होता. भरून, पांढराशुभ्र, कड्यावरून अखंड खाली येणारा. तुषार तोंडावर येत होते. लोखंडी कठड्यावर हात ठेवला तर तो पाण्याच्या माऱ्याने थरथरत होता, दातांपर्यंत जाणवावं इतका. आणि आवाज नव्हता. खडकावर एक चौकोनी कुटुंब बसलं होतं, आई, बाप, दोन मुली, चौघंही हसतमुख. धाकटी कुंडात दगड टाकत होती. दगड पाण्यात जात होते. पाणी उडत होतं. बास.

कुठल्यातरी दिशेने वारा वाहत असेल, ठिणगीने विचार केला. खडकाचा आकार असेल, ध्वनी अडत असेल. अशी ठिकाणं असतात जगात. ती असं म्हणत असतानाच तिला शिंक ऐकू आली.

एक. दोन. तीन. आणि मग, "हाऽऽश्श."

शेजारच्या घरातून, भिंतीतून यावी तशी. कुंडाच्या खालून.

ती कठड्यावर वाकली. आता आणखीही ऐकू येत होतं, बारीक, दूरचं. पत्र्यावर हातोडा. फट्ट, सर्र, फट्ट, सर्र. कुणीतरी शाळेच्या वर्गावर ओरडत होतं. एक तान्हं बाळ रडत होतं, भुकेचं, आत्ता पाजायलाच हवं असं. पाण्याच्या पडद्यामागे कड्यात एक काळा खळगा दिसत होता, आत वळत गेलेला. तो मघाशी डाव्या बाजूला होता. आता तो तिच्या बरोबर समोर होता.

"बाबा!" ती ओरडली. अंगात होता तेवढा जोर लावून.

शब्द जिभेवरून सुटलेला तिला कळला. कानांवर तो आलाच नाही. पण लगेच एक शिंक झाली, इतकी जवळ की मानेवरचे केस उडाले. आणि त्यानंतर खालच्या आवाजांत बाबांचा आवाज उरला नाही.

बाळ अजून रडत होतं. त्याच्यासाठीही ओरडायचं होतं. ती त्यासाठी तोंड उघडून उभी राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. मग तिला वाटलं, रडतंय तर रडू दे. छान रडतं.

वर आल्यावर फाटकावरच्या बाईचा हात हवेतच राहिला. बाई तिच्या पायांकडे बघत होती.

"अगं पोरी," ती म्हणाली.

ठिणगीने पेन काढलं. काहीतरी लिहायचं ठरवून आली होती. सहा रेघा होत्या, सुबक, तिनेच आखून घेतलेल्या. तिने त्यांच्याकडे थोडा वेळ कौतुकाने पाहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.

७

जिन्याच्या पहिल्याच वळणावर बाबांचा खोकला ऐकू आला. त्यावर रेडिओ, त्याहून वर बाबा. "अरे गाढवा, परवा उलटं सांगत होतास!" शिवणवाल्या बाई दारात उभ्या राहून हसत होत्या, ठिणगी त्यांच्या जवळून गेली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

ती स्वयंपाकघरात आली. बाबा पाठमोरे, शेगडीशी, भांड्यांची आदळआपट चाललेली. ती खुर्चीवर बसली. बघत राहिली. बरं वाटत होतं.

बाबा वळले आणि हातातली चिमटा-पातेली पडता पडता राहिली. "अगं! केव्हा आलीस? हाक तरी मारायची!"

"आत्ताच."

"पायसुद्धा वाजला नाही तुझा." ते जोरात हसले, मग सुरूच झाले. "काय झालं होतं गं मला चार दिवस? डोकं कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. आज दुपारी एकदम शिंक आली आणि सगळं मोकळं झालं. आणि ऐक, तो तुझा धबधबा! आवाज नाही, काही नाही, कसला डोंबलाचा धबधबा? वर शौचालयाला कडी नाही. कार्डावर लिहायला बसलो तर हातच उठेना. हे दिवस चांगले म्हणून छापू नकोस हं, लोक शिव्या घालतील. ऐकतेस ना?"

"हो, बाबा."

तिचा फोन वाजला. पाचला दोन मिनिटं होती.

"मॅडम, फोरमन बोलतोय. तुमचा फोन आला नाही म्हणून मीच केला. धबधब्याचं काय करू? काही बदल आहे?"

काहीतरी होतं खरं. सकाळी होतं. तिने आठवून पाहिलं.

"नाही. छान आहे. छापून टाका."

"बरं. कुठून बोलताय, मॅडम? मागे अगदी सामसूम आहे."

बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून ओरडत होते. "ठिणगे! अगं, नको म्हटलं ना! दे इकडे तो फोन!"

"घरूनच," ती म्हणाली. "काही तक्रार नाही." आणि फोन बंद करून टेबलावर ठेवला. लाकडावर काच टेकली.

बाबा त्या फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलला आणि बोटभर उंचीवरून टाकला. खट्ट झालं. त्यांनी तो तिच्या हातात दिला, तिचा हात धरून तसाच सोडायला लावला. मग हळूच रेडिओ बंद केला, दोघांचा चहा टेबलावर ठेवला आणि तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले.

"ठिणगे," ते म्हणाले. "भांड की जरा. काहीतरी बोल. उशिरा चहा केला म्हणून बोल."

"छान झालाय चहा, बाबा."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि बोटांनी ताल धरला. आधी हळू, तिच्याकडे बघत. मग जोरात. कप थरथरू लागले, चमचा बशीवर नाचू लागला, खालच्या मजल्यावर शिवणयंत्र थांबलं. दहाही बोटं टेबल बडवत होती, लेथ मशीन मागे टाकेल अशी, आणि बाबांचे डोळे तिच्या ओठांवर खिळले होते. एकच शब्द हवा होता त्यांना.

ठिणगी हसून ऐकत होती. छान वाजवतात, तिला वाटलं.

बाबांनी आणखी जोर लावला.